वधूपक्षाची खोली आणि डीबगरचा पहारा

मंगल कार्यालयात वधूपक्षाला एक खोली मिळते. दागिन्यांचे डबे, आहेराच्या साड्या, रुखवताचे सामान त्या खोलीत ठेवलेले असते आणि घरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला दारात बसवलेले असते: खोलीत कोण आले, कोणी कशाला हात लावला, लगेच सांगायचे. दुपारी पंगती उठतात, पाठवणी होते, सामान टेम्पोत चढते आणि संध्याकाळच्या मुहूर्ताचे दुसरे वऱ्हाड त्याच खोलीत उतरते. खोली तीच, कुलूप तेच, सामान मात्र दुसऱ्या कोणाचे. दारातल्या माणसाला ‘आपले कार्य उरकले’ असे कोणी सांगितलेच नाही, तर तो नव्या वऱ्हाडातल्या प्रत्येकावर चोरीचा आळ घेत बसेल. असाच प्रसंग संगणकाच्या आतही घडतो. प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे जे साधन असते, त्याला डीबगर म्हणतात. त्याला एखाद्या फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलवर पहारा ठेवायला सांगितले आणि ते फंक्शन संपले, तर त्या पहाऱ्याचे काय करायचे, याचे उत्तर वेगवेगळ्या डीबगरांनी वेगवेगळे दिले आहे. माझे म्हणणे असे की पहारा नावावर असतो, जागेवर नसतो. नावाचा अर्थ संपला की पहारा थांबला पाहिजे, आणि तो थांबल्याचे डीबगरने स्वतःहून सांगितले पाहिजे.

डीबगरचे नेहमीचे काम ब्रेकपॉइंटचे: प्रोग्रॅम अमुक ओळीवर आला की थांबव. चूक कुठे आहे याचा अंदाज असेल तेव्हा ते पुरते. पण कितीतरी चुका अशा असतात की आकडा बिघडतो एकीकडे आणि परिणाम दिसतो भलतीकडे. बेरीज बरोबर होती, शेवटी छापताना चुकीची निघाली. मधल्या हजारो सूचनांपैकी तिला धक्का नेमका कोणी लावला? अशा वेळी ओळीवर चौकी बसवून उपयोग नसतो, कारण कोणत्या ओळीवर बसवायची हेच ठाऊक नसते. म्हणून चौकी मूल्यावर बसवतात. त्याला वॉचपॉइंट म्हणतात. ते मूल्य बदलले की प्रोग्रॅम थांबतो, जुना आकडा आणि नवा आकडा समोर येतो, आणि बदल करणारी ओळ हाती लागते. मेमरी बिघडवणाऱ्या चुकांच्या मागावर असलेल्या माणसाच्या हातात याहून धारदार हत्यार क्वचितच असते. त्यामुळे हे हत्यार खोटे बोलणार नाही, याची हमी फार मोलाची आहे.

अडचण उभी राहते ती फंक्शनच्या आतल्या, म्हणजे लोकल व्हेरिएबलांमुळे. सुरुवातीच्या फोर्ट्रानमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीत एकच ठरलेली जागा असे आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत ती त्याचीच राही. तिथे नाव आणि पत्ता यांत फरक करण्याची गरजच नव्हती. पण मग एखादे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावू शकत नसे, कारण दुसऱ्या फेरीने पहिल्या फेरीचे आकडे पुसले असते. जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलसन यांनी १९५७ मध्ये स्टॅकच्या तत्त्वासाठी पेटंटचा अर्ज केला, आणि अल्गोल ६० या भाषेच्या काळात फंक्शनची खासगी मेमरी स्टॅकवर ठेवण्याची पद्धत रुजली. ताटांची चळत असते तसे हे असते. फंक्शनला बोलावले की वर एक ताट चढते आणि त्यात त्याची लोकल व्हेरिएबले मांडली जातात. फंक्शन परतले की ताट उतरते, आणि पुढचे फंक्शन त्याच उंचीवर आपले ताट ठेवते. या ताटाला फ्रेम म्हणतात. आज सी, सी प्लस प्लस, रस्ट या सगळ्या भाषा याच चळतीवर चालतात. म्हणजे पत्ता टिकतो, त्या पत्त्यावर राहणारा बदलतो, आणि हा बदल एका सेकंदात लाखो वेळा होऊ शकतो.

प्रोसेसरला यातले काहीच कळत नाही. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ मध्ये आला तेव्हा त्यात पहाऱ्यासाठी खास डीबग रजिस्टरे देण्यात आली. त्यांपैकी चार पत्ते ठेवण्यासाठी आहेत, आणि आजच्या इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांतही संख्या चारच आहे. एका रजिस्टरच्या कक्षेत जास्तीत जास्त आठ बाइट येतात. त्या पत्त्यावर काही लिहिले गेले की प्रोसेसर स्वतःच प्रोग्रॅम अडवतो, त्यामुळे वेग जवळपास कमी होत नाही. ही सोय फार सुंदर आहे, पण ती फक्त पत्ता ओळखते. ‘बेरीज’ या नावाचे व्हेरिएबल, ते कोणत्या फंक्शनचे, त्या फंक्शनची ही कितवी फेरी, हे सारे तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. व्हेरिएबल मेमरीत नसून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ठेवलेले असेल तर ही सोय लागूही पडत नाही. मग डीबगर प्रोग्रॅम एकेक सूचना चालवून दर वेळी मूल्य तपासतो. जीडीबी या डीबगरच्या अधिकृत पुस्तिकेतच म्हटले आहे की या रीतीने प्रोग्रॅम शेकडो पटींनी मंदावू शकतो. थोडक्यात, नाव आणि पत्ता यांची सांगड घालण्याची जबाबदारी सर्वस्वी डीबगरवर येऊन पडते. प्रोसेसर ती उचलणार नाही.

जीडीबीने ही जबाबदारी कशी निभावली, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डीबगर लोकल व्हेरिएबलवर पहारा बसवताना दोन नोंदी करतो. एक, हे व्हेरिएबल ज्या फ्रेममधले आहे त्या फ्रेमची ओळख. दोन, हे फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅम बोलावणाऱ्याकडे ज्या सूचनेवर परतणार आहे, ती जागा. त्या जागी तो गुपचूप एक ब्रेकपॉइंट पेरून ठेवतो. प्रोग्रॅम तिथे पोहोचला की जीडीबी तपासतो की नोंदवलेली फ्रेम चळतीत अजून आहे का. नसेल तर तो प्रोग्रॅम थांबवतो, ज्या ब्लॉकमध्ये ही अभिव्यक्ती वैध होती तो ब्लॉक प्रोग्रॅमने सोडला आहे, सबब वॉचपॉइंट काढला, अशा आशयाचा संदेश छापतो आणि पहारा उठवतो. यात फ्रेमची ओळख का लागते, परतीची जागा एकटी का पुरत नाही, हे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये दिसते. पाचाचे क्रमगुणित काढणारे फंक्शन चारसाठी स्वतःला बोलावते, ते तीनसाठी, ते दोनसाठी. या आतल्या सगळ्या फेऱ्या परततात त्या एकाच सूचनेवर. केवळ जागा पाहिली असती तर सर्वांत आतली फेरी परतताच बाहेरच्या फेरीवरचा पहारा उठला असता. जीडीबी जागेबरोबर फ्रेमही जुळवतो, म्हणून चारच्या फेरीतल्या व्हेरिएबलवरचा पहारा चारचीच फेरी संपेपर्यंत टिकतो. आणखी एक बारकावा आहे. फंक्शन संपताना शेवटच्या दोन-चार सूचनांत ताट उचलण्याचे काम अर्धवट झालेले असते. त्या क्षणी व्हेरिएबलचा पत्ता काढायला गेले तर तो चुकीचाच निघतो, आणि एकेक सूचना तपासणाऱ्या पहाऱ्याला खोटा बदल दिसतो. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी हा आवराआवरीचा टप्पा ओळखून त्यातले बदल दुर्लक्षित करण्याची व्यवस्था जीडीबीत करून ठेवलेली आहे. इतकी खटपट कोणी उगाच करत नाही. वापरणाऱ्याने नाव दिले आहे, तेव्हा उत्तर त्या नावाबद्दलच द्यायचे, ही त्यामागची बांधिलकी आहे.

इतरत्र वेगळा मार्ग दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिले आहे की लोकल व्हेरिएबलवर लावलेला डेटा ब्रेकपॉइंट, म्हणजे तिथला वॉचपॉइंट, फंक्शन संपल्यावरही चालू राहतो, पण तो पत्ता तेव्हा लागू नसतो आणि ब्रेकपॉइंट कसा वागेल ते सांगता येत नाही; म्हणून फंक्शन संपण्याआधी तो वापरणाऱ्यानेच काढावा किंवा बंद करावा. मर्यादा लपवली नाही हे चांगलेच. पण ज्या कामासाठी साधन हाती घेतले, तेच काम वापरणाऱ्याने लक्षात ठेवून करावे, अशी ही अपेक्षा आहे. एलएलडीबी या डीबगरनेही बराच काळ पत्त्यावरचा पहारा तसाच चालू ठेवला होता. पुढे त्यात फंक्शन संपताच असा पहारा बंद करण्याची सोय आली. जीडीबी आणि एलएलडीबी ही दोन स्वतंत्र साधने वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणाकडे आली, याला मी पुराव्याइतकेच महत्त्व देतो.

पत्त्यावर चालू राहिलेला पहारा नुसता निरुपयोगी असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तो घातक आहे, कारण तो चुकीची साक्ष देतो. समजा गुणांची बेरीज करणाऱ्या फंक्शनमधल्या ‘बेरीज’वर पहारा आहे. फंक्शन परतले, ताट उतरले, आणि पुढच्या फंक्शनने त्याच जागी आपला मोजणीचा आकडा ठेवला. पहारा सांगणार: ‘बेरीज’ ४५० होती, ती आता ० झाली, आणि हे त्या दुसऱ्या फंक्शनने केले. यातला प्रत्येक शब्द यंत्राच्या दृष्टीने खरा आणि माणसाच्या दृष्टीने खोटा आहे. जागा खरोखर बदलली. पण ती ‘बेरीज’ नव्हती. आधीच गोंधळलेला माणूस आता निर्दोष फंक्शनच्या मागे लागणार, ते दुरुस्त करू जाणार आणि कदाचित बिघडवूनही बसणार. डीबगर गप्प बसला तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. डीबगरने खोटा आळ घेतला तर माणूस त्यावर विश्वास ठेवतो, कारण विश्वास ठेवण्यासाठीच ते साधन असते. सी भाषेचे प्रमाणही याच बाजूने आहे: वस्तूचे आयुष्य संपले की तिच्याकडे निर्देश करणाऱ्या पॉइंटरचे मूल्य अनिश्चित होते, असे ते सांगते. भाषाच ज्या पत्त्याला त्या नावाचा मानत नाही, त्या पत्त्यावरची घडामोड डीबगरने जुन्या नावाने सांगू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की कधीकधी फंक्शन संपल्यानंतरचा बदलच पाहायचा असतो. एखाद्या फंक्शनने आपल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता बाहेर दिला, फंक्शन संपले, आणि कोणीतरी तो जुना पत्ता जपून ठेवून त्यावर लिहीत राहिले, ही सी आणि सी प्लस प्लसमधली जुनी आणि ओंगळ चूक आहे. ती पकडायची तर पहारा फंक्शनबरोबर उठून चालणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्यातली मागणी वेगळी आहे हे नीट पाहिले पाहिजे. इथे माणसाला नावावर लक्ष ठेवायचेच नाही. त्याला जागेवर लक्ष ठेवायचे आहे, तिथे कोणीही राहायला आले तरी. जीडीबीत त्यासाठी वॉच आज्ञेला लोकेशन हा पर्याय जोडता येतो. तो दिला की डीबगर त्या क्षणीचा पत्ता काढतो आणि पुढे फ्रेमची फिकीर न करता त्या पत्त्यावरच बसून राहतो. हीच योग्य विभागणी आहे: जागेवरचा पहारा हवा असेल त्याने तो मागून घ्यावा, म्हणजे समोर येणारी बातमी जागेची आहे हे त्याला ठाऊक असते. शिवाय नेमक्या या चुकीसाठी अॅड्रेस सॅनिटायझर हे अधिक कुशल साधन आहे. ते लोकल व्हेरिएबले मुद्दाम निराळ्या मेमरीत ठेवते आणि फंक्शन परतले की ती मेमरी निषिद्ध म्हणून खुणावते, त्यामुळे जुना पत्ता वापरणारा तिथल्या तिथे सापडतो. चार रजिस्टरांच्या पहाऱ्याला हे काम इतक्या सफाईने जमणारे नाही.

दुसरा आक्षेप रोजच्या वापरातला आहे, आणि त्यातला बराच भाग मला मान्य आहे. फंक्शन हजार वेळा बोलावले जात असेल आणि दर फेरीत पहारा लावला जात असेल तर दर परतीला प्रोग्रॅम थांबणे वैतागाचे होते. थांबतो तोही अडनिड्या जागी: परतल्यानंतरच्या पहिल्याच सूचनेवर, जिथे बोलावणाऱ्याची ओळ अर्धी झालेली असते आणि परत आलेले मूल्य अजून कुठे साठवलेलेही नसते. नवख्या माणसाला वाटते, काहीतरी बिघडले. याहून मोठी तक्रार अशी की जीडीबी पहारा नुसता थांबवत नाही, तो पुसून टाकतो. पुढच्या वेळी तेच फंक्शन चालले की पहारा नव्याने लावावा लागतो. त्यासाठी फंक्शनच्या तोंडाशी ब्रेकपॉइंट ठेवून त्याला ‘पहारा लाव आणि पुढे चल’ अशा आज्ञा जोडून देता येतात. पण मग दर फेरीला नवा क्रमांक पडतो, आणि व्हेरिएबलला पहिले मूल्य मिळण्याआधीचा जागेतला जुना कचरा ‘बदल’ म्हणून समोर येतो. हे पूर्वी राहून गेलेल्या वऱ्हाडाचेच सामान. इथे मला जीडीबीचे धोरण अपुरे वाटते. ताट उतरले म्हणून माणसाचा हेतू संपत नाही. ‘बेरीज’वर लक्ष ठेव, असे जो म्हणतो त्याला बहुधा पुढच्या फेरीतल्या ‘बेरीज’बद्दलही तितकीच काळजी असते. तेव्हा पहारा यादीत निद्रिस्त राहावा, फंक्शन पुन्हा सुरू होऊन व्हेरिएबलला पहिले मूल्य मिळाले की जागा व्हावा, आणि परतीच्या वेळी थांबायचे की नुसती नोंद छापून पुढे जायचे हे वापरणाऱ्याने ठरवावे. पण नोंद छापली गेलीच पाहिजे. सोयीसाठी थांबणे सोडता येईल, सांगणे सोडता येणार नाही.

काही जण म्हणतील की हा सारा खटाटोप फंक्शन परततानाच्या एका क्षणासाठी आहे. जुना पहारा राहिला तर राहू द्यावा, वापरणारा काढील. त्यांनी चारचा आकडा पुन्हा आठवावा. मृत व्हेरिएबलांवर दोन पहारे अडकले तर निम्मी साधनसामग्री गेली. लहान यंत्रांत स्थिती आणखी तंग असते. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ प्रकारच्या नियंत्रकांत असे पहारे साधारण चार, तर कॉर्टेक्स-एम० मध्ये जास्तीत जास्त दोन. पुण्यात मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांसाठी सी भाषेत काम करणाऱ्या मंडळींचा अशाच चिपांशी रोजचा संबंध येतो. तिथे विसरलेला एक पहारा म्हणजे हाताशी असलेली निम्मी किंवा पाव शक्ती.

रस्टसारख्या भाषांमुळे हा प्रश्नच मिटेल, असाही एक सूर ऐकू येतो. रस्टचा कंपायलर मृत लोकल व्हेरिएबलाकडे निर्देश करणारा संदर्भ बांधूच देत नाही, ही मोठी कमाई आहे. दरवर्षी आपल्या उत्पादनांत नोंदवल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराच्या असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. तेव्हा नव्या भाषांचा आग्रह योग्यच आहे. पण ही भाषा प्रोग्रॅमला वाचवते, डीबगरला नाही. रस्टच्या फंक्शनची लोकल व्हेरिएबलेही त्याच चळतीवर असतात, त्याच जीडीबीने किंवा एलएलडीबीने तपासली जातात. अगदी निर्दोष रस्ट प्रोग्रॅमवरही पत्त्याला चिकटून राहिलेला पहारा तितकाच खोटा आळ घेईल, कारण चूक प्रोग्रॅमची नसून पहाऱ्याची असते. आणि लिनक्सच्या गाभ्यापासून घरातल्या राउटरपर्यंत पसरलेला सी भाषेतला साठा एका पिढीत लिहून बदलला जाणार नाही.

जीडीबीची बाजू इतकी घेतल्यावर त्याची एक उणीव सांगणेही आवश्यक आहे, कारण ती याच कसोटीवर उतरत नाही. त्याचा संदेश ब्लॉक सोडल्याचे सांगतो, प्रत्यक्ष तपासणी मात्र फ्रेमची, म्हणजे संपूर्ण फंक्शनची असते. फंक्शनच्या आत एखाद्या लूपच्या कंसात जाहीर केलेले व्हेरिएबल तो कंस संपताच संपते. कंपायलर तीच जागा पुढच्या कंसातल्या दुसऱ्या व्हेरिएबलाला देऊ शकतो, आणि कोड आटोपशीर करताना देतोही. फंक्शन अजून चालू असते, ताट चळतीवरच असते, म्हणून जीडीबीच्या लेखी पहारा वैध राहतो आणि दुसऱ्या व्हेरिएबलाच्या बदलाची बातमी पहिल्याच्या नावाने येते. मोठ्या खोलीची काळजी घेतली, पण खोलीतल्या कपाटात सामान बदलले ते कळले नाही, असा हा प्रकार. यासाठी लागणारी माहिती मिळवायला फार दूर जावे लागत नाही. कंपायलर ड्वार्फ या ठरलेल्या नमुन्यात डीबगरसाठी जी टिपणे सोडतो, त्यांत आतला प्रत्येक कंस कोणत्या सूचनेपासून कोणत्या सूचनेपर्यंत पसरला आहे तेही लिहिलेले असते. फंक्शनच्या परतीच्या जागी जसा ब्रेकपॉइंट पेरला जातो, तसा कंसाबाहेर पडण्याच्या वाटांवर पेरता येईल. वाटा अनेक असू शकतात, मधूनच उडी मारून बाहेर पडणारा कोड असतो, आटोपशीर केलेल्या कोडमध्ये एका कंसाचे तुकडे लांब-लांब विखुरलेले असतात. तेव्हा काम सोपे नाही, आणि चुकीच्या जागी थांबण्याचा धोकाही आहे. निदान पहाऱ्याने बदल नोंदवला त्या क्षणी प्रोग्रॅम त्या व्हेरिएबलाच्या कंसात आहे की नाही, एवढे टिपणांत पाहून बातमीसोबत सांगणे तरी आजही शक्य आहे.